लेन्स बोटांनी निघत नाही, पापणीने निघते

रात्रीचे साडेदहा वाजलेत. सकाळी तपासणीच्या वेळी लेन्स घालायला आणि काढायला शिकवलं होतं, तिथे ती दोनदा निघालीही होती. आता आरशासमोर उभं राहून वीस मिनिटं झाली. डोळा लाल झालाय, बाहेरचा कोपरा ओढून ओढून हुळहुळायला लागलाय, आणि लेन्स जागची हलायला तयार नाही. कडक कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला अशी एक तरी रात्र येते. माझ्याही वाट्याला आली. आपली बोटंच अडाणी आहेत, असं तेव्हा मी धरून चालले होते. पण बोटांनी नेमकं काय करायचं असतं हेच मला कळलं नव्हतं.

कडक लेन्स म्हणजे आरजीपी (रिजिड गॅस परमिएबल), जिला बरेच जण सेमी-सॉफ्ट म्हणतात ती. नाव फसवं आहे, तिच्यात सॉफ्ट असं काही नसतं. ती छोट्या, पातळ, पारदर्शक बटणासारखी असते आणि आपला आकार सोडत नाही. तिचे फायदे आणि तिची कटकट, दोन्ही या एका गुणातून येतात.

आधी भीतीचं बघू. घाबरलेला माणूस डोळे घट्ट मिटून घेतो आणि मग कुठलीच युक्ती चालत नाही. लेन्स डोळ्याच्या मागे जाऊन हरवू शकत नाही. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर जे पातळ आवरण असतं, तेच वर आणि खाली थोडं आत जाऊन वळतं आणि पापणीचं आतलं अस्तर बनतं. म्हणजे प्रत्येक पापणीखाली एक खिसा आहे आणि त्या खिशाला तळ आहे. लेन्स फार तर वरच्या पापणीखालच्या खिशात जाऊन दडेल. तिथून ती काढता येते. शिवाय लेन्स ठरल्यापेक्षा अर्धा तास जास्त राहिली म्हणून सहसा काही बिघडत नाही. नखाने ओरबाडलं तर मात्र बिघडतं. तेव्हा दोन-तीन प्रयत्न फसले की थांबा, दहा मिनिटं बसा, डोळ्याला जरा निवू द्या.

इतका त्रास असेल तर मऊ लेन्सच का नको, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. मऊ लेन्स डोळ्यावर बसली की डोळ्याचाच आकार घेते. कॉर्निया, म्हणजे बुबुळासमोरची ती पारदर्शक काच, गुळगुळीत आणि गोलाकार असेल तर त्यात काही अडत नाही. पण केराटोकोनस झालेल्यांचा कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो, वेडावाकडा होतो. त्यावर मऊ लेन्स ठेवली तर तीही वेडीवाकडीच बसते. कडक लेन्स स्वतःचा गोल आकार टिकवते आणि तिच्यामागे उरलेल्या फटीत अश्रू भरतात. खडबडीत फरशीवर पाणी साचलं की वरचा पृष्ठभाग सपाट होतो, तसंच हे. अश्रूंमधून प्रकाश जवळपास कॉर्नियासारखाच वळतो, त्यामुळे खालचे उंचसखल भाग नजरेपुरते बुजून जातात. चष्म्याने किंवा मऊ लेन्सने जे स्पष्ट दिसत नाही ते या लेन्सने दिसतं, म्हणून लोक ही कटकट सोसतात.

पहिल्या लेन्स तर काचेच्या होत्या. जर्मन नेत्रवैद्य अॅडॉल्फ फिक यांनी 1888 मध्ये आपल्या लेन्सचं वर्णन प्रसिद्ध केलं. ती डोळ्याचा पांढरा भागही झाकण्याइतकी मोठी आणि जड होती आणि काही तासांपलीकडे सहन होत नसे. पुढे प्लास्टिक आलं आणि 1948 मध्ये अमेरिकेत केव्हिन टुही यांनी फक्त कॉर्नियावर बसेल एवढी छोटी लेन्स बनवली. पण त्या प्लास्टिकमधून हवा जात नव्हती. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, नाहीतर त्यातून आरपार दिसलंच नसतं. त्यामुळे त्याला प्राणवायू मुख्यतः समोरच्या हवेतून, अश्रूंमार्फत घ्यावा लागतो. 1970च्या दशकाच्या अखेरीस प्राणवायू आरपार जाऊ देणारी कडक लेन्स बाजारात आली. आरजीपी नावातला जी आणि पी ते याचेच, वायू जाऊ देणारी.

आता मुद्द्यावर येऊ. लेन्स डोळ्याला चिकटते ती कशामुळे?

काचेच्या दोन पट्ट्या ओल्या करून एकमेकींवर ठेवा आणि सरळ ओढून वेगळ्या करायचा प्रयत्न करा. होणार नाहीत. पण कडेला नख घातलं, जराशी हवा आत गेली, की अलगद सुटतात. लेन्सचं अगदी असंच आहे. लेन्स आणि कॉर्निया यांच्यामध्ये अश्रूंचा पातळ थर असतो आणि तोच तिला धरून ठेवतो. म्हणून काढताना लेन्स ओढायची नसते, तिची कड उचलायची असते. एक कड उचलली गेली की उरलेलं काम आपोआप होतं.

ही कड उचलायला सोय मुळातच करून ठेवलेली असते. लेन्सचा व्यास साधारण 9 ते 10 मिलिमीटर, कॉर्नियाचा साडेअकराच्या आसपास. म्हणजे लेन्स कॉर्नियापेक्षा लहान असते. तिची कड डोळ्यापासून किंचित वर उचललेली ठेवतात, कारण दर वेळी डोळा मिटला की लेन्स एक-दोन मिलिमीटर सरकायला हवी आणि तिच्याखालचे अश्रू बदलायला हवेत. त्या उचललेल्या कडेखाली घुसेल असं पातळ, ओलं आणि डोळ्याच्या गोलाईला तंतोतंत बसणारं एकच हत्यार आपल्याकडे असतं. ते म्हणजे पापणीची कड. तर्जनीचं टोक यापुढे ओबडधोबडच.

मऊ लेन्स वापरून आलेले लोक इथेच फसतात. मऊ लेन्स सुमारे 14 मिलिमीटरची असते, चिमटीत धरली की दुमडते, हवा आत जाते, निघते. कडक लेन्स दुमडतच नाही. चिमटीने ती धरायला गेलात तर बोटं तिच्यावरून घसरतात आणि चिमटा डोळ्याला बसतो. ती सवय सोडायला मला जवळजवळ आठवडा लागला.

तर पहिली पद्धत, मिचकावण्याची. हात धुवून कोरडे करा, टेबलावर स्वच्छ कापड अंथरा, किंचित पुढे वाका. बेसिनवरच काढणार असाल तर आधी त्याचं भोक बंद करा, नाहीतर लेन्स गेलीच म्हणून समजा. दुसऱ्या हाताचा तळवा ओंजळीसारखा डोळ्याखाली धरा. आता डोळे टक्क उघडा, कोणीतरी दचकवल्यासारखे. तर्जनीचं टोक डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर, दोन्ही पापण्या जिथे मिळतात अगदी तिथे ठेवा. कातडी कानाच्या दिशेने, किंचित वर ओढा. पापण्या ताणल्या गेल्या की जोरात, पूर्ण डोळा मिचकावा. लेन्स टपकन तळव्यात पडते.

या साध्या कृतीत सगळी गंमत क्रमाची आहे. डोळे मोठे उघडणं आधी, ओढणं नंतर. का? डोळा मोठा उघडला की वरच्या पापणीची कड लेन्सच्या वर जाते आणि खालची खाली. म्हणजे दोन्ही कडा लेन्सच्या बाहेर उभ्या राहतात. मग ओढल्यामुळे त्या दोरीसारख्या ताठ होतात आणि डोळ्याला चिकटतात. मिचकावताना त्या लेन्सच्या कडेला धडकून तिच्याखाली शिरतात. आधी ओढलंत आणि मग डोळा उघडायला गेलात तर पापणी लेन्सवर पसरलेलीच राहते. मग कितीही मिचकावा, ती वरून पुसल्यासारखी जाते. त्या रात्री मी वीस मिनिटं हेच करत होते.

दुसरी चूक बोटाच्या जागेची. बोट कोपऱ्यापासून लांब, गालाच्या हाडावर ठेवलं तर कातडी ओढली जाते, पापणीची कड सैलच राहते. आणि फार जोर लावला तर पापणी बाहेरच्या बाजूला उलटते, आतला लाल भाग दिसायला लागतो. उलटलेली पापणी लेन्सखाली जाऊ शकत नाही, तिच्यावर चढते. आरशात तो लाल भाग दिसला तर जोर कमी करा. तिसरी चूक अर्धवट मिचकावण्याची. डोळ्याला काहीतरी होईल या भीतीने पापणी मधेच थांबते, आणि अर्ध्या फटक्याने लेन्स निघत नाही.

लेन्स न घालताही याचा सराव करता येतो आणि तो करावाच. डोळे मोठे करा, ओढा, मिचकावा. मिचकावताना पापण्यांच्या कडा डोळ्यावर घासत गेल्याचं जाणवलं पाहिजे. ते जाणवत नसेल तर बोट थोडं आत, थोडं वर सरकवून बघा. प्रत्येकाच्या डोळ्याची ठेवण वेगळी, तेव्हा ही जागा स्वतःच शोधावी लागते. माझ्या उजव्या डोळ्याला सरळ कानाकडे ओढलेलं चालतं, डाव्याला भुवईच्या टोकाकडे ओढावं लागतं.

काही जणांना मिचकावण्याची पद्धत जमतच नाही. वयाने पापण्या सैल झालेल्या असतात किंवा डोळ्याची फटच लहान असते. त्यांच्यासाठी दोन हातांची पद्धत आहे, आणि माझ्या मते ती जास्त भरवशाची. एका हाताचं बोट वरच्या पापणीच्या अगदी कडेवर, केसांच्या मुळाशी ठेवा. दुसऱ्या हाताचं खालच्या पापणीच्या कडेवर, तसंच. दोन्ही पापण्या लेन्सच्या बाहेर जातील एवढ्या उघडा. आता बोटांनी कडा हलकेच डोळ्याकडे दाबा आणि दाब तसाच ठेवून पापण्या एकमेकींकडे आणा. वरची कड लेन्सला वरून अडवते, खालची तिच्याखाली शिरते. लेन्स पापण्यांमध्ये येते किंवा बोटावर. दाब हलकाच असायला हवा, पिकलेला आंबा तयार झालाय का हे बघताना देतो तेवढा.

बोट पापणीच्या केसांच्या मुळाशी ठेवण्याला आणखी एक कारण आहे. केसांना काही लागलं की डोळा आपोआप मिटतो. हे प्रतिक्षिप्त काम मेंदू आपल्याला विचारून करत नाही, तेव्हा ‘मी मुळीच मिटणार नाही’ असा निश्चय करून उपयोग नसतो. मुळाशी पक्की धरलेली पापणी मिटू शकत नाही, एवढंच आपल्या हातात असतं. घालताना हे फार उपयोगी पडतं. ओलावलेली लेन्स तर्जनीच्या टोकावर, वाटीसारखी. त्याच हाताच्या मधल्या बोटाने खालची पापणी आणि दुसऱ्या हाताने वरची पापणी मुळाशी धरायची, नजर थेट लेन्समधून आरशात, आणि लेन्स हळूच टेकवायची. दाबायची नाही, अश्रूच तिला ओढून घेतात. घालण्याचं एवढंच, ते दोन-तीन दिवसांत जमतं.

कधी कधी लेन्स कॉर्नियावरून घसरून पांढऱ्या भागावर जाते. अचानक धूसर दिसायला लागतं आणि वाटतं, पडली कुठेतरी. जमिनीवर शोधण्याआधी डोळ्यात शोधा. आरशासमोर डोळा चारही दिशांना फिरवा आणि त्या वेळी पापणी उलट बाजूला ओढून धरा. वर शोधायचं असेल तर खाली बघा आणि वरची पापणी उचला. लेन्स सापडली की लेन्सवर चालणारे थेंब घाला. मग लेन्स ज्या बाजूला आहे त्या बाजूच्या पापणीच्या कडेने तिला कुंपणासारखं अडवून धरा आणि हळूहळू त्याच दिशेने बघा. म्हणजे लेन्सला कॉर्नियाकडे ढकलण्याऐवजी कॉर्नियाच लेन्सखाली येतो. लेन्सवर बोट ठेवून तिला खरडत आणू नका, तिची कड कॉर्नियाला ओरखडा पाडू शकते.

लेन्स बराच वेळ घातली, डोळा कोरडा पडला, की ती हलेनाशी होते. मिचकावून पाहिलं तरी जागची सरकत नाही. अशा वेळी काढायचा प्रयत्न मुळीच करू नका. थेंब घाला, काही मिनिटं नुसते डोळे मिटत-उघडत बसा. तरी हलली नाही तर लेन्सच्या कडेलगत, पांढऱ्या भागावर, पापणीवरून हलकेच दाबा. कडेखाली थोडे अश्रू शिरले की पकड सुटते. लेन्स सरकायला लागली की मगच नेहमीच्या पद्धतीने काढा.

छोटा रबरी सक्शन कप मिळतो, त्याला काही जण प्लंजर म्हणतात. त्याच्याबद्दल लोकांची दोन टोकाची मतं असतात. मला तो अडीअडचणीला जवळ असावा, रोजच्या सवयीचा नसावा असं वाटतं. वापरण्याआधी लेन्स कॉर्नियावर आहे हे डोळ्यांनी बघून खात्री करा. लेन्स आधीच पडलेली असेल तर कप सरळ कॉर्नियाला चिकटतो आणि ती जखम फार दुखते. कप लेन्सवर वापरायच्या सोल्युशनने ओला करायचा, लेन्सवर अलगद टेकवायचा आणि किंचित तिरका करून कड उचलायची. नंतर लेन्स कपावरून बाजूला सरकवून सोडवायची, ओढून नाही, नाहीतर तडकते. पांढऱ्या भागावर टेकणाऱ्या मोठ्या स्क्लेरल लेन्सचं तंत्र वेगळं. तिथे कप मध्यावर लावला तर पकड आणखी घट्ट होते, म्हणून तो कडेजवळ लावतात.

आता पाण्याबद्दल, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. नळाचं पाणी लेन्सला लावायचं नाही. धुवायला नाही, ओली करायला नाही, डबी विसळायलाही नाही. नळाच्या, विहिरीच्या, तलावाच्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. तो लेन्सवरून कॉर्नियात शिरला तर होणारा संसर्ग क्वचित होतो, पण झाला की महिनोन्महिने औषधं घ्यावी लागतात आणि नजर जाऊ शकते. थुंकी लावून ओली करणारेही आहेत. त्यांना काय म्हणावं? हात धुतल्यावर ते कोरडे करायचे तेही याचसाठी. ओल्या बोटावर लेन्स नीट बसत नाही, हे वेगळंच.

काढलेली लेन्स तळहातावर घेऊन सोल्युशनने हळुवार चोळायची, दोन बोटांच्या चिमटीत नाही. चिमटीत ती वाकते आणि पुढे कायमची वाकडी होऊ शकते. टेबलावर पडली तर घासत उचलू नका, ओरखडे पडतात. सोल्युशनने ओलावलेल्या बोटाच्या टोकाने टिपून घ्या. नेहमी उजवी लेन्स आधी, घालतानाही आणि काढतानाही, म्हणजे अदलाबदल होत नाही. डबी दर तीन महिन्यांनी नवी. हायड्रोजन पेरॉक्साइडचं सोल्युशन असेल तर त्याचं निष्क्रिय होणं पूर्ण झाल्याशिवाय लेन्स डोळ्यात घालायची नाही, नाहीतर डोळ्यात आग होते.

सवय व्हायला वेळ लागतो. पहिल्या दिवशी तीन-चार तास, मग रोज एक-दोन तास वाढवत नेणं, असा सल्ला बहुधा मिळतो. तुमचा नेमका वेळ तुमचे डॉक्टर ठरवतील. सुरुवातीचे दिवस डोळ्यात कण गेल्यासारखं वाटतं, पाणी येतं, आणि माणूस मान वर करून अर्धमिटल्या डोळ्यांनी चालायला लागतो. हे टोचणं मुख्यतः वरच्या पापणीला जाणवतं, लेन्सच्या कडेवर दर वेळी घासून. म्हणूनच खाली बघितलं की बरं वाटतं, कारण पापणी लेन्सवर स्थिर राहते. पण अर्धवट मिटून मिटून चालण्याची सवय लागू देऊ नका, त्याने डोळा आणखी कोरडा पडतो. मुद्दाम पूर्ण मिचकावा. दोन-तीन आठवड्यांत पापणी कडेला सरावते. धूळ मात्र कायमची शत्रू. लेन्सखाली कण गेला की सरळ लेन्स काढायची, धुवायची, परत घालायची. तिथे डोळा चोळला की कॉर्निया सोलवटतो.

काढल्यावर थोडा वेळ लाली राहते, चष्म्यातून काही काळ जरा धूसर दिसतं, हे चालतं. पण लेन्स काढल्यावरही दुखणं थांबत नसेल, उजेड सहन होत नसेल, नजर मंद वाटत असेल किंवा चिकट घाण येत असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा आणि तोवर लेन्स परत घालू नका.

आणि काही केल्या ती निघालीच नाही तर? जिथे लेन्स करून घेतली तिथे जा, ते बंद असेल तर कुठल्याही नेत्रतज्ज्ञांकडे. त्यांच्यासाठी हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे. फक्त त्यांनी काढून झाल्यावर ‘आता माझ्या हाताने काढून दाखवते, तुम्ही बघा’ असं म्हणा. बोट नेमकं कुठे सरकवायला हवं ते दुसऱ्या माणसाला चटकन दिसतं, आरशात आपल्याला दिसत नाही. आणि जाताना लेन्सची डबी आणि चष्मा बरोबर न्या, परत येताना दोन्ही लागतील.